आणलेले मासे

“चालत्या व्हडीतनं गळ सोडू नगं. मासा हसतोय आपल्याला,” असं आमचे आबा म्हणायचे. होडी खुंटाला बांधायची, नाहीतर दगडाचा नांगर टाकून एका जागी उभी करायची, गळ सोडायचा आणि गप्प बसायचं. मासा त्याच्या पोटाच्या ओढीनं येतो. आपण त्याच्यामागं पळालो तर तो आपल्यापेक्षा जोरात पळतो. भोयाच्या घरात जन्मलेल्या पोराला ही गोष्ट बाराखडीच्या आधी कळते. मी पुढं शिकून मास्तर झालो, हातातला गळ सुटला, पण हा नियम डोक्यातून गेला नाही.

तो मोडलेला पाहिला २०१९ च्या जुलैमध्ये, अमेरिकेत, मिशिगन सरोवरावर. नऊ काठ्या लावलेली होडी पाच तास एका जागी म्हणून थांबली नाही, आणि तरी मासे लागले. त्या पाच तासांत जे पाहिलं आणि ऐकलं, त्यानं मला घरच्याच पाण्याबद्दल विचारात टाकलं. म्हणून हे लिहितोय.

आधी घरचं पाणी सांगतो. आमचं मूळ गाव भीमेच्या काठचं, पळसदेवाच्या आसपासचं. आबा नदीवर मासे धरायचे, पावसाळ्यात माणसं पैलतीरी पोचवायचे आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या लावायचे. १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आम्ही नव्या गावठाणात आलो. वाड्या गेल्या, उतार गेला, डोह गेले. उरलं ते नुसतं पाणी, आणि तेही उभं.

वाहत्या पाण्यात मासा कुठं असतो ते आबांना पाठ होतं. डोहात कुठं, खडकाच्या कोणत्या अंगाला, धारेच्या कडेला कुठं. उभ्या पाण्यात यातलं काहीच लागू पडेना. पहिली दोन वर्षं आबा आंधळ्यासारखे हिंडले. मग त्यांनी एक दोरी केली. तिच्या टोकाला शिशाचा गोळा, आणि वाव वाव अंतरावर एकेक गाठ. ती सोडून ते पाण्याची खोली मोजायचे आणि बोटांना लागलेल्या धक्क्यावरून खाली चिखल आहे, मुरूम आहे की दगडी भिंत, ते सांगायचे. गाठी मोजत मोजत त्यांनी बुडालेली नदी पुन्हा पाठ केली. ती दोरी आमच्या घरात खुंटीला असायची. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आता तिकडचं. माझी पोरगी आणि जावई मिलवॉकी शहरात नोकरीला. आम्ही दोघं नवरा-बायको निवृत्तीनंतर तिच्याकडं गेलो होतो. शहर सरोवराच्या पश्चिम काठावर आहे. पहिल्या दिवशी मी काठावर उभा राहिलो आणि समोरचा काठ शोधू लागलो. पोरगी हसली. म्हणाली, “आप्पा, दिसत नाही तो.” सुमारे पाचशे किलोमीटर लांब, रुंदीला एकशे नव्वद किलोमीटरपर्यंत आणि सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं हे एकटं सरोवर. समुद्रासारख्या लाटा, पण ओंजळीत घेऊन प्यालं तर गोडं पाणी.

भोयाचा माणूस पाण्याजवळ आलाय आणि नुसता बघतोय, हे पोरीला बरं वाटेना. तिनं एक होडी ठरवली. पैसे घेऊन लोकांना माशाला नेणारे तिथं पुष्कळ आहेत. आमचा होडीवाला साठी ओलांडलेला, बोटं जाड, बोलणं कमी. पहाटे चारला आम्ही निघालो. पोरगी, जावई आणि मी. प्रत्येकाचा परवाना काढला होता, आणि सॅमन-ट्राउट धरायची म्हणून परवान्यावर वेगळं तिकीट. त्या तिकिटाचा पैसा मासे वाढवून सरोवरात सोडण्यासाठी जातो, हे मला नंतर कळलं. माणशी तीन काठ्या लावायला परवानगी, म्हणून नऊ काठ्या.

बंदर मागं पडलं तशी मी नांगराची वाट बघू लागलो. नांगर काही पडेना. होडी माणूस रमतगमत चालतो त्या वेगानं, ताशी चार किलोमीटरच्या आसपास, चालतच राहिली आणि तो चालत्या होडीतूनच एकेक दोरी सोडायला लागला. मला राहवेना. आबांचा नियम मी पोरीकरवी त्याला सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला की तुझा बाप बरोबर आहे, पण त्याच्या पाण्याला तळ आहे. इथं ज्या माशाच्या मागं आपण आहोत तो तळाशी नाही, काठाशी नाही, खडकाशी नाही. तो मधल्या पाण्यात फिरतो. तो येणार कशाच्या ओढीनं? म्हणून आपण त्याच्याकडं जायचं.

मग त्यानं मधलं पाणी म्हणजे काय ते समजावलं. उन्हाळ्यात सरोवराचं वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. खाली थंड, जड पाणी. दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असतो, तिथं काही फुटांतच पाणी एकदम गार होतं. सॅमनला दहा ते तेरा अंशांचं पाणी आवडतं. लेक ट्राउटला त्याहून थंड. जमिनीकडून वारा सुटला की तो वरचं गरम पाणी आत ढकलतो आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. मग मासे बंदराच्या तोंडाशी मिळतात. वारा उलटा फिरला की तेच मासे खोल आणि दूर जातात. म्हणजे तिथला मासेमार रोज सकाळी पहिल्यांदा हवामान बघतो आणि गार पाणी कुठं आणि किती खोल आहे ते शोधतो. त्या दिवशी ते सत्तर फुटांवर होतं.

आता प्रश्न असा की चालत्या होडीमागं हलका गळ सत्तर फूट खाली ठेवायचा कसा? होडी चालली की दोरी तरंगून वर येते. आबा म्हणायचे तो मासा इथंच हसत असणार. त्यावरचा सगळ्यात पक्का उपाय होडीच्या कडेला बसवलेला होता. एक आडवा दांडा, त्यावर पोलादी तारेचं रीळ आणि तारेच्या टोकाला पाच-सहा किलोचा शिशाचा गोळा. काठीची दोरी गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा मोजून सत्तर फुटांवर सोडायचा. गळ गोळ्याच्या मागं, त्याच खोलीवर चालतो. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि माणूस माशाशी मोकळ्या दोरीवर झुंजतो. गोळ्याचं ओझं हाताला लागत नाही. याला ते डाउनरिगर म्हणतात.

पण सगळ्या काठ्या गोळ्यावर लावल्या तर होडीखालचंच पाणी चाळलं जातं. म्हणून दोन काठ्यांना ताटलीसारखी चकती होती. ती पाण्याच्या दाबानं खाली डुबकी घेते आणि बाजूलाही सरकते. आणखी दोन दोऱ्या लाकडाच्या फळीएवढ्या तरंगत्या पट्ट्यांना अडकवून होडीच्या दोन्ही बाजूंना लांब नेल्या होत्या. त्या फळ्या दावं तोडून निघालेल्या वासरासारख्या तिरक्या पळत होत्या. अशा रीतीनं एकच होडी नांगरट केल्यासारखा रुंद पट्टा धरून चालली होती.

एका रिळावरची दोरी रंगीबेरंगी होती. मी विचारलं तर कळलं, तिच्या पोटात शिसं आहे आणि दर दहा वारांवर रंग बदलतो. किती रंग पाण्यात गेले यावरून गळ किती खोल गेला त्याचा अंदाज करायचा. मी ती हातात घेतली आणि मला खुंटीवरची आबांची दोरी आठवली. वावेवावेवर गाठ. कल्पना तीच. आबांना कुणी शिकवली नव्हती.

गळ म्हणाल तर खरा चमचाच. पितळेसारख्या धातूचा, लांबट, एका अंगानं रंगवलेला, दांडा नसलेला चमचा. तो पाण्यात डगमगत चालतो आणि जखमी माशासारखा चमकतो. काही दोऱ्यांवर वीतभर लांबीची चकाकती पट्टी होती. ती गरगर फिरते आणि तिच्यामागं झालरीची माशी. पट्टीला गळ नसतोच. ती नुसती लांबून लक्ष वेधते.

सगळ्यात मला आवडली ती वळणाची युक्ती. होडी वळली की आतल्या बाजूचे चमचे सावकाश होतात आणि खाली बसतात, बाहेरच्या बाजूचे जोरात चालतात आणि वर उठतात. वळणावर आतल्या काठीला मासा लागला तर समजायचं की आज त्याला मंद चाल पाहिजे. बाहेरच्या काठीला लागला तर वेग वाढवायचा. म्हणजे सरळ रेषेत चालणारा होडीवाला माशाला काही विचारतच नाही. वळणारा विचारतो.

साडेसहाच्या सुमाराला मागच्या कोपऱ्यातली वाकलेली काठी एकदम ताठ झाली, आणि लगेच पुन्हा खाली वाकून रीळ किंचाळायला लागलं. काठी माझ्या हातात दिली. वीस मिनिटं मी आणि तो मासा. मनगटं भरून आली. जाळीत आला तेव्हा सहा-सात किलोचा, चांदीसारखा, पाठीवर काळे ठिपके. चिनूक सॅमन.

होडीवाल्यानं पहिल्यांदा त्याची पाठ चाचपली. सॅमनच्या पाठीवर शेपटीच्या जरा अलीकडं एक छोटं मांसल पर असतं, बोटाच्या पेराएवढं. ते त्यानं मला दाखवलं आणि म्हणाला, हा नदीत जन्मलेला. २०११ पासून या सरोवरात चिनूकचं जे पिल्लू सोडतात त्याचं ते पर कापतात आणि नाकाडात तारेचा बारीक तुकडा घालतात. त्यावर कोणत्या वर्षी कुठं सोडलं ते कोरलेलं असतं. पर कापलेला मासा मिळाला तर मासेमार त्याचं डोकं सरकारी माणसांकडं नेऊन देतात. पर शाबूत म्हणजे याला कुणी सोडलं नाही, हा आपल्या आईबापांनी घातलेल्या अंड्यातून आला. आता सरोवरातले अर्ध्याहून जास्त चिनूक असेच. “पण याचा वंश आणलेला,” तो म्हणाला. “मी दहा वर्षांचा होतो तेव्हा इथं एकही नव्हता.”

त्या वाक्यावरून पुढची गोष्ट निघाली. काही त्यानं सांगितली, काही मी नंतर पोरीच्या घरी बसून वाचून काढली.

या सरोवराचा मूळचा मोठा मासा म्हणजे लेक ट्राउट. खोल, थंड पाण्यातला. मोटारीच्या होड्या येण्याआधी लोक त्याला वल्ह्याच्या होडीतून धरत. तांब्याची लांब तार, टोकाला वजन आणि चमचा. तार हातात धरायची आणि मागंपुढं ओढत राहायची. न्यूयॉर्क राज्यात सेथ ग्रीन नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, १८१७ ते १८८८. एका जड वजनाच्या दोरीवर निरनिराळ्या खोलीला अनेक चमचे लावून ओढायच्या पद्धतीला अजून त्यांचंच नाव आहे. आणि गंमत अशी की मासे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्यायचा धडाही त्यांनीच घालून दिला. १८६४ मध्ये त्यांनी कॅलेडोनिया इथं माशांची पिल्लं तयार करायचं केंद्र काढलं आणि १८७१ मध्ये पूर्वेकडचे शॅड मासे आगगाडीनं पार कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत नेऊन सोडले. त्यानंतर हे वेडच पसरलं. १८७६ मध्ये कॅलिफोर्नियाची इंद्रधनुषी ट्राउट मिशिगन राज्यात आली. १८८४ मध्ये जर्मनीहून आलेल्या अंड्यांची तपकिरी ट्राउट तिथल्या नदीत सोडली. आज सरोवरावर ज्यांना लोक आपले मासे म्हणतात त्यातले बरेच असे दुसरीकडून आलेले.

काही मासे मात्र न बोलावता आले. समुद्र आणि वरची सरोवरं यांच्यामध्ये नायगाऱ्याचा धबधबा भिंतीसारखा उभा होता. जहाजांसाठी त्याला वळसा घालून १८२९ मध्ये वेलँड कालवा काढला आणि पुढं तो मोठा केला. भिंतीला दार झालं. त्या दारातून सी लॅम्प्री आला. वामेसारखा लांब, तोंड वाटीसारखं गोल आणि वाटीत दातच दात. तो मोठ्या माशाला चिकटतो आणि रक्त पितो. १९३६ मध्ये तो मिशिगन सरोवरात सापडला. पुढच्या वीस वर्षांत इथली मूळची लेक ट्राउट जवळजवळ नाहीशी झाली. जाळ्यांवर पोट असलेल्या कोळ्यांची घरं बसली. लॅम्प्रीला मारणारं औषध शोधायला सुमारे सहा हजार रसायनं तपासावी लागली. १९५८ पासून ते नद्यांत सोडतात, अजूनही.

मोठा मासा गेला आणि त्याच दारातून समुद्रातला आलेवाइफ शिरला. वीतभर लांबीचा चंदेरी मासा. त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. १९६० नंतर सरोवरात बघावं तिकडं तोच. १९६७ च्या उन्हाळ्यात तो कोट्यवधींनी मेला. होडीवाला तेव्हा दहा वर्षांचा. त्याला आठवतं ते असं : काठावर मेलेल्या माशांचा गुडघाभर थर, तो ढकलायला आणलेली यंत्रं, आणि घराच्या खिडक्या बंद करूनही आत येणारा वास. त्याची आई आठवडाभर स्वयंपाकघरात तोंडाला फडकं बांधून होती.

मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागावर १९६४ मध्ये हॉवर्ड टॅनर नावाचे अधिकारी आले. त्यांनी हिशेब मांडला : एवढा चारा मासा फुकट मरतोय, तर त्याला खाणारा आणू. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यानं कोहो सॅमनची दहा लाख अंडी दिली. १९६६ च्या वसंतात साडेआठ लाखांच्या आसपास पिल्लं सोडली, त्यातली बरीच प्लॅट नावाच्या छोट्या नदीत. पुढच्या वर्षी चिनूकही सोडले. ती हातभर नसलेली कोहो पिल्लं आलेवाइफ खाऊन दीड वर्षात चार-पाच किलोंची होऊन परत आली. १९६७ च्या शरदात लोक वेडे झाले. तलावावर बसायच्या छोट्या होड्या घेऊन माणसं त्या समुद्रात शिरली. २३ सप्टेंबरला वादळ आलं आणि सात जण बुडून मेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होड्या पाण्यात होत्या.

आमच्या होडीवर जी हत्यारं होती त्यातली बरीचशी या लाटेनंतर घडलेली किंवा सुधारलेली. मासा नवा, पाणी खोल, जुन्या काठ्या अपुऱ्या. लोकांनी आपापल्या पडवीत बसून शिशाचे गोळे ओतले, रिळं बनवली, चिमटे शोधले. माझ्या मास्तरकीच्या डोक्याला हे फार पटलं. ते सामान म्हणजे या सरोवराचा इतिहासच आहे, लोखंडात आणि शिशात उतरलेला. चांदीच्या रंगाचा तो चमचा कशाची नक्कल करतो? न बोलावता आलेल्या आलेवाइफची. तो कुणासाठी? बोलावून आणलेल्या सॅमनसाठी.

पण ही गोष्ट पुराणातल्यासारखी सुखी संपत नाही. १९६९ मध्येच कोहोच्या मांसात डीडीटी सापडलं, माल जप्त झाला आणि त्याच वर्षी मिशिगन राज्यानं डीडीटी बंद केलं. मासा कुणाचा, हाही तंटा होता. सरकारनं सरोवर हौशी मासेमारांसाठी राखायचं ठरवलं आणि गळपट्टीच्या जाळ्यांवर बंदी घातली. पण तिथल्या मूळ रहिवाशांनी, ओटावा आणि चिपेवा लोकांनी, १८३६ च्या करारात जमीन दिली होती, मासे धरायचा हक्क नव्हता दिला. १९७९ मध्ये न्यायमूर्ती नोएल फॉक्स यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्या काळात धक्क्यांवर भांडणं झाली, त्यांची जाळी कापली गेली. भोयाच्या पोराला हे वाचताना तिकडचं आणि इकडचं वेगळं वाटलं नाही.

मग १९८० च्या दशकाच्या शेवटी चिनूकमध्ये रोग पसरला. त्यानंतर जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून युरोपकडचे शिंपले आले. त्यातल्या क्वागा शिंपल्यानं मिशिगन सरोवराचा तळ व्यापला. तो पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातो. पाणी काचेसारखं स्वच्छ झालं आणि उपाशी झालं. आलेवाइफ घटला. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००४ च्या आसपास आलेवाइफ संपल्यात जमा झाला आणि त्याच्यामागं चिनूकही गेला. मिशिगन सरोवरावर आता चिनूकची पिल्लं मोजूनमापून कमी सोडतात, खाणारे आणि चारा यांचा मेळ राहावा म्हणून. ज्या आलेवाइफच्या वासानं होडीवाल्याच्या आईनं तोंडाला फडकं बांधलं, तोच कमी झाला म्हणून आता हा काळजीत.

परतताना मी त्याला विचारलं, की मग जे केलं ते चुकलं का? तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, माझं घर या माशानं बांधलं. चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण माझ्या आजोबांनी जी लेक ट्राउट पाहिली ती मी पाहिली नाही.

हे ऐकलं आणि मला माझंच एक बोलणं आठवलं. ते इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

१९९० नंतरची गोष्ट. तोवर उजनीत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायची रीत पडली होती. तेही मूळचे गंगेकडचे. आणि चिलापी वाढत चालली होती. चिलापी तर आफ्रिकेची. १९५२ मध्ये ती भारतात आणली आणि पुढं पाण्यापाण्यातून पसरली. ती वर्षातून कितीतरी वेळा वितं आणि तोंडात पिल्लं सांभाळते. एके दिवशी आबा जाळं झाडत होते. सगळी चिलापी. त्यांनी जाळं खाली टाकलं आणि म्हणाले, “चार म्हयनं झालं, वामीचं तोंड बघितलं न्हाई. शिंगटा न्हाई, खवली न्हाई. ह्यो कसला मासा? सगळ्या धरणाचं उकिरडं झालंय.” मी सुट्टीला आलेलो, पायात बूट, शिकलेला. मी म्हणालो, “आबा, मासा तो मासा. भिगवणच्या बाजारात भाव येतोय ना? याच्यावरच धाकट्याचं लगीन झालं. रडायचं कशाला?”

आबा काही बोलले नाहीत. त्यानंतर माशांबद्दल ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले. भावाशी बोलायचे. माझ्याशी पाऊसपाणी, शाळा, पोरांची चौकशी. मला वाटायचं, वय झालं. मिलवॉकीच्या बंदरात होडी लागताना मला उमजलं, की वय नव्हतं झालं. मी त्यांचं तोंड बंद केलं होतं.

तिथं प्रत्येक पिल्लाची नोंद आहे. कोणतं पर कापलं, कुठं सोडलं, किती परत आली. आमच्या भीमेत धरणाआधी काय काय होतं, कुठल्या डोहात काय मिळायचं, त्याची नोंद एकाच ठिकाणी होती, ऐंशी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात. आणि मी तिला रडगाणं म्हणालो होतो.

घरी आलो तो चमच्यांची पुडी घेऊन. आबांनी एक चमचा हातात घेतला, दाताखाली दाबून पाहिला, उन्हात धरला. मी सगळी हकीकत सांगितली. शिशाचा गोळा, रंगीत दोरी, वळणाची युक्ती. वळणाच्या युक्तीला त्यांनी मान हलवली. मग पर कापायचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी विचारलं,

“मासा किती वरीस जगतो त्यो?”

“तीन-चार वर्षं.”

“आन आणून किती झाली?”

“बावन्न.”

त्यांनी बोटांवर मोजलं. “म्हंजी तेरा-चौदा पिढ्या झाल्या की. मग इथलाच म्हणायचा का अजून भाईरचा?”

“ते तिथल्या लोकांनाही ठरवता येत नाही, आबा.”

“आपली नव्या गावठाणात तिसरीच हाय,” ते म्हणाले. एवढंच. मग स्वतःहून म्हणाले, “वही आन. वामीपासनं सांगतो.”

त्या हिवाळ्यात त्यांनी अठ्ठावीस पानं सांगितली. माशांची नावं, डोहांची नावं, कोणत्या नक्षत्रात कोणता मासा चढायचा. काही नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पुढं माघात पाणी उतरलं तेव्हा एका संध्याकाळी आबा म्हणाले, चल, तुझा चमचा ओढून बघू. भावाचा पोरगा वल्ह्यावर बसला. आबांनी खुंटीवरची गाठींची दोरी काढली, शिशाच्या मागं हातभर तंगूस बांधून चमचा लावला आणि चालत्या होडीतून दोरी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा. पाच गाठी गेल्या. दोरी बोटांवर धरून ते डोळे मिटून बसले.

मासा लागला नाही. पण होडी चालत राहिली तशी त्यांची बोटं बोलायला लागली. “मऊ. हा पाटलाचा मळा.” थोडं पुढं, “वाळू. हितं वाड्या.” मग दोरी थरथरली, अडकली, सुटली. “दगूड. घाटाच्या पायऱ्या.” पोरगा वल्हं थांबवायला लागला तर ते डोळे न उघडताच म्हणाले, “थांबू नगं. चालू दे. पुढं आपलं घर हाय.”